‘सिन्स-फॉर दिसलं की हॅव बीन’ हे सूत्र आता पुरे!

शिक्षक मित्रांनो, इंग्रजीच्या तासाला आपण एक सूत्र हमखास देतो. वाक्यात ‘सिन्स’ किंवा ‘फॉर’ दिसलं की ‘हॅव बीन’ किंवा ‘हॅज बीन’ लावा आणि क्रियापदाला ‘आयएनजी’ जोडा. गाळलेल्या जागा भरायला ते बऱ्याचदा चालतं. पण माझं स्पष्ट मत आहे की या सूत्रानं मुलांचं नुकसानच जास्त होतं.

का, ते उदाहरणानं पाहू. आपलं तेर म्हणजे संत गोरोबाकाकांचं गाव, तेव्हा उदाहरणही कुंभाराचंच घेऊ.

१) कुंभार सकाळपासून मडकी घडवतोय.
द पॉटर हॅज बीन मेकिंग पॉट्स सिन्स मॉर्निंग.

२) कुंभारानं सकाळपासून वीस मडकी घडवली आहेत.
द पॉटर हॅज मेड ट्वेंटी पॉट्स सिन्स मॉर्निंग.

‘सिन्स’ दोन्हीकडे आहे, पण काळ वेगळा. पहिल्यात काम किती वेळ चाललंय ते सांगायचंय, म्हणून चालू पूर्ण वर्तमानकाळ. दुसऱ्यात किती काम झालं ते सांगायचंय, म्हणून साधा पूर्ण वर्तमानकाळ. सूत्र पाठ केलेला मुलगा दुसऱ्या वाक्यातही ‘हॅज बीन मेकिंग’ लिहिणार आणि मार्क घालवणार. ‘सिन्स’पुढे सुरुवातीची वेळ येते, ‘फॉर’पुढे कालावधी. दोनपैकी कोणता काळ निवडायचा, हे त्या शब्दांवरून ठरत नाही.

गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यावर थापटणं मारून कच्चं मडकं कोणतं ते ओळखलं, अशी कथा आपण ऐकलेली आहे. वाक्यालाही तसंच थापटून बघायचं. ‘किती झालं?’ याचं उत्तर मिळालं तर साधा. ‘किती वेळ चाललंय?’ याचं उत्तर मिळालं तर चालू. ‘आम्ही लामतुरे संग्रहालय तीनदा पाहिलंय’ यात मोजणी आहे, म्हणून ‘वी हॅव सीन द लामतुरे म्युझियम थ्री टाइम्स’.

काही क्रियापदं मात्र सहसा ‘आयएनजी’ घेत नाहीत. ओळखणं, माहीत असणं, मालकीचं असणं ही कामं नव्हेत, त्या स्थिती आहेत. ‘मी त्याला लहानपणापासून ओळखतो’ याचं इंग्रजी ‘आय हॅव नोन हिम सिन्स चाइल्डहुड’. ‘हॅव बीन नोइंग’ चुकीचं. उलट, राहणे आणि काम करणे यांना बहुतेक वेळा दोन्ही रूपं चालतात. ‘आय हॅव लिव्हड इन तेर फॉर टेन इयर्स’ बरोबर आणि ‘हॅव बीन लिव्हिंग’ही बरोबर. मग पहिलं लिहिणाऱ्या मुलाला आपण लाल रेघ का मारायची?

आता मुलं बोलताना कुठं अडतात ते बघा. ती म्हणतात, ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स.’ त्यांचा तर्क सरळ आहे. मराठीत ‘दहा वर्षांपासून राहतोय’ म्हणताना क्रियापद वर्तमानकाळातच राहतं, मागचा काळ ‘पासून’ सांभाळतो. इंग्रजीत तेवढ्यानं भागत नाही. मागचा काळ क्रियापदालाही दाखवावा लागतो. हा फरक फळ्यावर मांडला तर मूल समजून बोलेल. सूत्र पाठ केलेल्या मुलाला मुलाखतीत कुणी गाळलेली जागा देत नाही, तिथं पूर्ण वाक्य त्यालाच बोलायचं असतं.

काहीजण म्हणतील, ‘सर, एवढं समजवायला वेळ कुठाय?’ दोन तास पुरतात. पहिला तास नुसती मराठी वाक्यं थापटून बघायला, दुसरा ती इंग्रजीत आणायला.

सरावासाठी तीन वाक्यं :
१) आई तासभर भाकरी करतेय.
२) आईनं दहा भाकरी केल्यात.
३) आमच्याकडं पाच वर्षांपासून ही गाय आहे.

उत्तरं : १) हॅज बीन मेकिंग २) हॅज मेड ३) हॅव हॅड.

तिसऱ्यात ‘हॅव बीन हॅविंग’ का चालत नाही, ते मुलांनाच सांगू द्या.