तहकूब ग्रामसभा आणि कच्चं मडकं

गावात काही नवं करायचं म्हटलं की पहिला प्रश्न निघतो, 'पुढं कोण होणार?' दुसरा प्रश्न त्याहून अवघड, 'त्याच्या मागं कोण येणार?' पाणलोटाची समिती असो, सोसायटी असो की ग्रामसभा, घोडं इथंच पेंड खातं.

उत्तर शोधायला लांब जायला नको. आपल्या हिंगोली तालुक्यातलं नर्सी हे संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. १२७० साली शिंप्याच्या घरात जन्मलेला हा माणूस पंढरपुरात रमला आणि पुढं पंजाबातल्या घुमानपर्यंत पोचला. हाती सत्ता नाही, खुर्ची नाही, निधी नाही. तरी माणसं मागं आली. ती का आली, हे आजच्या पुढाऱ्यांनी आणि कर्मचाऱ्यांनी बघण्यासारखं आहे.

पहिली गोष्ट गोरोबाकाकांच्या थापटण्याची. संतांच्या मेळ्यात काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारून पाहिलं. नामदेव रागावले, तेव्हा 'हे मडकं कच्चं' असा निवाडा झाला. नामदेवांची कीर्ती तेव्हाही मोठी होती. पण परंपरा सांगते, की ते रुसून वेगळा गट करून बसले नाहीत. औंढा नागनाथाला गेले, विसोबा खेचरांचे शिष्य झाले. आपल्याकडं काय होतं? सभेत कुणी हिशेब विचारला की तो विरोधी पार्टीचा ठरतो. पण विचारणारा माणूस थापटणं मारतोय, मडकं फोडत नाही, एवढं सरपंचानं ओळखलं तरी निम्मी भांडणं मिटतील.

दुसरी गोष्ट भाषेची. उत्तरेत गेल्यावर नामदेवांनी तिथल्या लोकांच्या बोलीत रचना केल्या. त्यांची ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. ज्याच्याकडं जायचं त्याच्या बोलीत बोलायचं, हा साधा नियम. आमच्या सभेत मात्र शासन निर्णय क्रमांकासह वाचला जातो, माणसं माना डोलावतात आणि बाहेर येऊन एकमेकांना विचारतात, 'काय म्हणले रे?' ग्रामसेवक म्हणा की ग्रामपंचायत अधिकारी म्हणा, त्यांनी कागद वाचून झाल्यावर 'म्हणजे आपल्याला काय करायचंय' हे दोन वाक्यांत सांगावं.

तिसरी गोष्ट चोखोबांची. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून चोखामेळा गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून विठ्ठलाच्या महाद्वारासमोर समाधी बांधली. त्या काळात हे धाडस होतं. पण पुढचंही बोललं पाहिजे. देवळाचं दार दलितांना उघडायला १९४७ साल उजाडलं आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. एका थोर माणसाचं मन बदललं म्हणून रीत बदलत नाही. रीत बदलायला नियम लागतो, आणि तो पाळला जातो की नाही हे बघणारी माणसं लागतात.

नियम आज आपल्या हातात आहे. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ साली लागू झाली आणि ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली. राज्याच्या कायद्यानं वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. त्याआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी कमी असेल तेवढी माणसं लागतात. ती जमली नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही! इथंच पाणी मुरतं. दहा-पंधरा जण बसतात, ठराव होतो आणि वर्षभर अख्खं गाव पारावर बोटं मोडतं. सवलत अडचणीसाठी होती, ती रीत होऊन बसली.

तेव्हा एवढं करून पाहू. सभेची वेळ हळद शिजवायच्या किंवा सोयाबीन काढायच्या धांदलीत दुपारी नको, गावाला जमेल ती धरावी. महिला सभेतला विषय मुख्य सभेत पहिला घ्यावा. मागच्या सभेतल्या ठरावांचं काय झालं, हे नव्या विषयाआधी मोठ्यानं वाचावं. आणि शेतकरी बांधवांनो, 'आपल्याला कोण विचारतं' म्हणून घरी बसू नका. तुमची रिकामी जागाच तहकूब सभेला बळ देते.

पंढरीच्या महाद्वारात नामदेवांनी मागितली ती पायरीची जागा. देवाजवळची नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय लागेल अशी. गावात बदल घडवायला निघालेल्यानं आधी ही जागा पसंत करावी. मग माणसं हाक न मारताही येतील.