हेल्मेट आणि दुसऱ्याची घाई

नाशिकमध्ये १५ ऑगस्ट २०२१ पासून पोलिसांनी ‘हेल्मेट नाही, तर पेट्रोल नाही’ असा दंडक घातला होता. हेतू स्तुत्यच, मात्र पोलिसांचे काम पंपावरील नोकराच्या गळ्यात पडले. शिवाय हेल्मेट आघात सोसते, टाळीत नाही. २०२२ मध्ये देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली; त्यांत ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती. द्वारका चौकात एखादी मोटार दुचाकीला खेटून वळते, तेव्हा वाचलेले अर्धे मिनिट मोटारचालकाचे असते; मोडणारा पाय दुसऱ्याचा. अर्थशास्त्रात यास बाह्य परिव्यय म्हणतात. तो ज्याचा त्याने भरावा. वळण्यापूर्वी आरशात पाहणे आणि दुचाकीला पुरेशी जागा सोडणे, या दोन गोष्टी मोटारीच्या परवान्याच्या चाचणीतच काटेकोरपणे पारखल्या जाव्यात.