जूनमध्ये आम्ही दोघी पाचवीला जाणार



बाईंनी सांगितले, येत्या वर्षी काय करणार ते लिहा. वर्गात कोणी तीसपर्यंत पाढे पाठ करणार आहे, कोणी अक्षर सुधारणार आहे. पाढे मी पण पाठ करणार. पण माझा मोठा संकल्प वेगळा आहे. मला माझ्या मैत्रिणीबरोबर पाचवीला जायचे आहे. तिने नाव लिहू नको म्हणून सांगितले आहे.

आपली शाळा चौथीपर्यंतच आहे. पाचवीला एसटीने मोठ्या गावाला जावे लागते. तिच्या घरी म्हणतात, "बास झालं आता. पोरगी घरी राहिली म्हंजे बारक्याला तरी संभाळंल." तिची आई खुरपायला जाते. बारक्याजवळ कोणीतरी पाहिजे, हे खरे आहे. पण ती गणितात वर्गात पहिली येते. तिने घरी बसू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी नुसते मत सांगत नाही, विचार पण केला आहे. बारक्या जूनमध्ये तीन वर्षांचा होतो. मग त्याला अंगणवाडीत बसवता येईल. अंगणवाडी सुटल्यावर माझी आजी त्याला बघेल. मी विचारले तर आजी म्हणाली, "आमच्या छकुलीला संभाळतीच की, त्याला बी संभाळीन." एसटीचे म्हणाल तर गावाकडच्या मुलींना पाचवीपासून बारावीपर्यंत पास फुकट मिळतो. फाट्यापर्यंत आम्ही दोघी मिळून चालत जाऊ, म्हणजे भीती नाही. आणि ६ ते १४ वर्षांच्या सर्व मुलांना शिक्षणाचा हक्क आहे, असा २००९ सालचा कायदा आहे. त्यात मुली पण आल्या.

आपल्याच जिल्ह्यात माढा तालुक्यात परितेवाडी आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले गुरुजी यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. मुलींची शाळा सुटू नये म्हणून त्यांनी खूप काम केले. बक्षीस १० लाख डॉलरचे होते. त्यातले अर्धे त्यांनी बाकीच्या ९ शिक्षकांना वाटले. गुरुजी अर्धे बक्षीस देतात, तर मी माझी आजी अर्धा दिवस द्यायला काय हरकत आहे?

काका-काकू, हे तुम्ही वाचाल, नाहीतर कोणी वाचून दाखवील. जूनमध्ये तिचे नाव पाचवीत घालाल ना? मी फाट्यावर तिची वाट बघणार आहे.

एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी