इंजिन टायरवर ठेवायचं नसतं!

आधीच सांगून ठेवते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर संपादक मंडळानं सांभाळून घ्यावं. तरी मराठी विभागातच लिहितेय, कारण ही गोष्ट मला इंग्लिशमध्ये कुणी शिकवलीच नाही. ती शिकवली सिरोंच्याच्या एका मिस्त्रीनं, अर्ध्या मराठीत आणि अर्ध्या तेलुगूत.

सिरोंचा कुठे आहे हे आपल्या होस्टेलमध्ये निम्म्या जणांना माहीत नाही. (एकीनं मला 'ते आंध्रात ना?' असं विचारलं होतं.) तर गडचिरोली जिल्ह्याचं हे अगदी दक्षिणेचं टोक. प्राणहिता इथेच गोदावरीला मिळते, पलीकडे तेलंगणा. जिल्ह्याचं ठिकाण दोनशे किलोमीटरहून लांब. हे अंतर लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तिथे माझे मामा राहतात. त्यांच्या अंगणात आजोबांची महिंद्रा सीजे-३बी जीप उभी आहे. महिंद्रानं मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली १९४७ साली, तिच्याच वंशातली ही. इंजिन हरिकेन, चार सिलिंडर, २१९९ सीसी, पेट्रोल. हेड 'एफ' प्रकारचं, म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये. आपण पेपरात दोन मार्कांची टीप लिहितो ना, तीच. यंदा मे महिन्यात मी आणि मामेभावानं ठरवलं, हे इंजिन उघडायचंच.

आता आपल्याकडे इंजिन कसं उतरवतात? कडुनिंबाची जाड फांदी नाहीतर सागाच्या बल्ल्यांची तिकाटी, त्याला चेन कुप्पी, आणि खाली एक जुना टायर. इंजिन टायरवर टेकवायचं, दगड लावायचे, उकिडवं बसून काम सुरू. सिरोंच्यातच कशाला, नागपुरातल्या गल्लीतही हेच दिसेल. आमचे अन्ना (तिकडे मोठ्या माणसाला अन्नाच म्हणतात) तीस वर्षं असंच काम करत आलेत. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं अर्धीच आहेत. टायरवरचं इंजिन सम्प काढायला कलतं केलं होतं, दगड सरकला, बोटं ब्लॉकखाली गेली. तेव्हा त्यांना घेऊन निघालेली गाडी जंगलातल्या रस्त्यानं दवाखान्यात पोचली, तोवर रात्र झाली होती. अन्ना हे हसत सांगतात. मला हसू येत नाही.

म्हणून मी शहाणपणा केला आणि नागपूरहून इंजिन स्टँड आणला. घडी घालता येणारा, चाकांचा, लाल रंगाचा. कॉन्व्हेंटचा कॉन्फिडन्स होताच! घंटाभरात इंजिन स्टँडवर चढलं. मी फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि भरपूर वाहवा मिळवली. अन्ना आले, स्टँडभोवती एक चक्कर मारली आणि एवढंच विचारलं, "अम्मा, बोल्ट किती आत गेला?"

मला उत्तर देता आलं नाही. कुप्पी परत लावून बोल्ट काढले. वरचे दोन जेमतेम चार आटे धरून होते! मी दुकानातून मेट्रिक बोल्ट आणले होते, आणि विलीजचं इंजिन इंची आट्यांचं. असा बोल्ट सुरुवातीला गोड बसतो, मग अडकतो, आणि आपल्याला वाटतं की घट्ट झाला. मामेभाऊ तेव्हा त्याच इंजिनाखाली हात घालून ड्रेन प्लग शोधत होता.

त्या रात्री वही काढली. थर्ड इयरची पोरगी आहे मी, स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स पास झालेय. इंजिन दीडशे किलो धरा. स्टँडच्या प्लेटपासून त्याचा गुरुत्वमध्य ३० सेंटिमीटर पुढे धरा. म्हणजे साधारण ४४० न्यूटन-मीटरचा मोमेंट. वरच्या आणि खालच्या बोल्टमध्ये २५ सेंटिमीटर अंतर असेल तर वरच्या जोडीवर ओढ येते १७६० न्यूटन, म्हणजे जवळपास १८० किलो. इंजिनाच्या वजनापेक्षा जास्त! कॅन्टिलिव्हर बीम आपण शंभर वेळा सोडवलाय. पण तो बीम लाल रंगाचा असतो आणि त्याखाली भावाचा हात असतो, हे मात्र कुठल्याच ट्युटोरियलमध्ये नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अन्नांनी सांगितलं तसं केलं. आधी तेल-पाणी काढलं. क्लच आणि फ्लायव्हील उतरवलं, कारण स्टँड ब्लॉकच्या मागच्या बाजूलाच धरतो. (त्यामुळे स्टँडवर असताना फ्लायव्हील परत बसवता येत नाही. ते काम शेवटी, कुप्पीवर.) भोकांतली घाण साफ केली, नवा इंची हाय-टेन्साइल बोल्ट आधी नुसत्या बोटानं शेवटपर्यंत फिरवून पाहिला. बोल्टच्या जाडीच्या निदान दीडपट तो बिडाच्या ब्लॉकमध्ये गेलाच पाहिजे. इंजिन लटकतं ठेवूनच प्लेट त्याला लावली, मग प्लेटचा पाइप स्टँडमध्ये सारला. कुप्पी सोडली नाही. साखळी बोटभर सैल करायची, बोल्ट बघायचे, परत बोटभर.

अजून एक गोष्ट मला ठाऊक नव्हती. प्लेटचा मध्य नुसता क्रँकच्या रेषेत ठेवून भागत नाही. हेड बसवलेलं असेल तर वजन त्याच्या वर असतं. पाच सेंटिमीटरचा फरक राहिला तरी फिरवताना ७०-७५ न्यूटन-मीटरचा झटका बसतो. चाळीस सेंटिमीटरच्या दांड्यावर तो झाला १९ किलो. पिन काढली आणि हात घामानं निसटला की दांडा थेट जबड्यावर. सिरोंच्यात मे महिन्यात हात कोरडे नसतातच! आणि हेड काढलं की गुरुत्वमध्य बदलतो, म्हणजे दांडा पुन्हा जपून.

आता माझं म्हणणं. मुख्य म्हणजे 'आमचे मिस्त्री जुगाडानं सगळं करतात' असं कौतुकानं म्हणणं बंद करा. त्या जुगाडाची किंमत अन्नांनी बोटांनी मोजलीय. १९४८ च्या कारखाना कायद्यातलं २९ वं कलम सांगायचं की उचलायची यंत्रं, साखळ्या, दोर वर्षातून एकदा तरी तपासून घ्या. पण दोन माणसांचं गॅरेज त्या कायद्याच्या व्याख्येत कुठे बसणार? तिथे तपासणारा कुणी नसतो. तिथे फक्त ज्याला कळतं तो असतो.

आणि ज्यांना कळायला हवं ते आपण! आपल्या लॅबमध्ये कापलेलं इंजिन आहे, लाल-पिवळं रंगवलेलं, टेबलाला पक्कं केलेलं. दांडा फिरवला की पिस्टन वर-खाली होतो. चार वर्षांत आपण एकही खरं इंजिन उचलत नाही. स्टाफला मनापासून विनंती आहे (रागावू नका सर), भंगारातलं एक ॲम्बेसेडरचं इंजिन आणा. २०१४ साली त्या गाडीचं उत्पादन थांबलं, आता ते कुणाच्या कामाचं नाही. ते पोरांना उतरवू द्या, स्टँडवर चढवू द्या. व्हायव्हात डेफिनिशन विचारण्याऐवजी विचारा, बोल्ट किती आत गेला? एक चांगला स्टँड गॅदरिंगच्या साउंड सिस्टीमच्या भाड्याहून महाग नसावा.

कुणी म्हणेल, वेल्डिंग शॉपमध्ये पाइप जोडून स्टँड आपणच बनवू. बनवा, पण त्यावर इंजिन चढवायच्या आधी तेवढ्याच वजनाच्या वाळूच्या पिशव्या दिवसभर टांगून ठेवा. आपलं वेल्डिंग कसं असतं ते आपल्यालाच माहीत आहे.

जीपचं इंजिन अजून स्टँडवरच आहे, पिस्टन रिंगा मिळायच्या आहेत. मामांचा परवा फोन आला होता. अन्नांनी स्टँड चार दिवसांसाठी मागून नेलाय, एका ट्रॅक्टरवाल्याचं काम आलंय म्हणे. आमचं इंजिन कुठे ठेवलं असं विचारलं, तर मामा जरा थांबून म्हणाले, "टायरवर."