गच्चीवरचे विमान आणि परवान्याची किंमत

अकोल्याच्या जुन्या शहरातील एखादा कसबी मिस्त्री भंगारातल्या जीपगाडीला दुसऱ्या गाडीचे इंजिन बसवून ती धावती करतो, तेव्हा त्याचे कौतुकच होते. वस्तुतः मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमानुसार नोंदणी अधिकाऱ्याच्या संमतीविना असा बदल करता येत नाही. रस्त्यावर हा नियम सर्रास धाब्यावर बसवला जातो. आकाशात तसे चालणार नाही, चालूही नये. प्रमाणित छोट्या विमानाला पुढे अधिक जड इंजिन बसवले की त्याचा गुरुत्वमध्य पुढे सरकतो आणि उतरताना नाक वर उचलणे अवघड होते. म्हणूनच अशा मोठ्या फेरफाराला स्वतंत्र मान्यता लागते. बंद पडलेली मोटार कडेला उभी राहते. विमान कोणाच्या छपरावर कोसळेल हे सांगता येत नाही.

तथापि तपासणी आवश्यक म्हणून दिरंगाईही आवश्यक, असे ठरत नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभे केले. 2016 साली ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते मिरवले गेले. नोंदणी मिळाली नोव्हेंबर 2017 मध्ये, चाचणी-उड्डाणाचा परवाना 2019 मध्ये आणि धुळ्याच्या धावपट्टीवरील चाचणी झाली 2020 मध्ये. दरम्यान, फेब्रुवारी 2018 मध्ये, राज्य शासन पालघरच्या विमान कारखान्यासाठी 35 हजार कोटींचा सामंजस्य करार करून मोकळे झाले होते! चाचणीआधी करार, आणि चाचणीला मात्र सवड नाही, हा क्रम उफराटा होता.

प्रमाणीकरणाचा खर्च एकरकमी असतो. मोठा कारखाना तो शेकडो विमानांवर विभागतो. एकट्या कारागिराला तो पेलत नाही. अमेरिकेत यावर तोड काढली आहे. निम्म्याहून अधिक काम हौशी मंडळींनी स्वतः केले असेल, तर ते विमान ‘प्रायोगिक’ वर्गात उडते; भाड्याने प्रवासी नेण्यास मात्र मनाई असते. धोका जेवढा, तेवढीच परीक्षा.

1934 च्या कायद्याची जागा आता भारतीय वायुयान अधिनियम, 2024 ने घेतली आहे. नाव बदलले, महासंचालनालयाच्या मेजावरील फायलींना मुदत आणि नकाराला लेखी कारण, एवढे तरी त्यासोबत यावयास हवे. एप्रिल 2025 मध्ये अमरावतीच्या बेलोऱ्याहून प्रवासी विमान उडाले. अकोल्याच्या शिवणीची धावपट्टी मोठ्या विमानांना अपुरी म्हणून वर्षानुवर्षे विस्ताराच्या चर्चेत अडकली. छोट्या विमानांना ती पुरेशी आहे.