टेकडी हिरवी झाली, पण कुणासाठी?

पाऊस सुरू झाला की वृक्षारोपणाच्या रील्सही सुरू होतात. तुम्हीही एनएसएसमधून खड्डे खोदले असतील, रोपासोबतचा फोटो स्टेटसला ठेवला असेल. चांगलंच आहे. फक्त पुढच्या वेळी एक विचारा : हे झाड कोणतं आणि ते इथंच का लावायचं?

राज्याने २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी झाडांचं लक्ष्य ठेवलं. २०२४ पासून ‘एक पेड माँ के नाम’ मोहीम आली. आकडा फुगला की सोपं झाड शोधलं जातं. गिरिपुष्प, म्हणजे आपली उंदीरमारी, त्यातलीच. मूळची मध्य अमेरिकेकडची. नुसती फांदी रोवली तरी फुटते, झपाट्याने वाढते, शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत. बांधावर हिरवळीच्या खताला ती कामाची. पण अख्खी टेकडी तिचीच झाली, तर त्याला जंगल कसं म्हणायचं?

एकाच जातीवर भिस्त ठेवण्याची किंमत इतरांनी मोजली आहे. जर्मनीत लाकडासाठी स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची मैलोन्‌मैल लागवड झाली. २०१८ पासूनच्या दुष्काळांत ही झाडं कमजोर पडली आणि साल पोखरणाऱ्या भुंग्यांनी डोंगरच्या डोंगर वाळवले. आता तिथे मिश्र जंगलावर भर आहे. उत्तराखंडात चीडच्या वाळक्या सुयांमुळे उन्हाळ्यात वणवे पसरतात. बांज, बुरांशच्या मिश्र जंगलात मात्र ओल टिकते.

आपल्या वडूजचा प्रश्न याहून वेगळा आहे. एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि माण-खटाव पर्जन्यछायेत. इथली बरीच माळरानं मुळात गवताचीच. सरकारी नोंदीत अशा जमिनीवर सहज ‘पडीक’चा शिक्का बसतो. पण पवन्या, मारवेल, कुसळीच्या त्या गवतावर लांडगा, खोकड, ससा, चंडोल, माळटिटवी जगतात. मेंढपाळांची मेंढरंही तिथेच चरतात. तिथं दाट झाडी लावली, की सावलीत गवत मरतं आणि त्यावर जगणारे बेघर होतात. मायणी आणि येरळवाडीच्या तलावांवरचे पाहुणे पक्षी सगळ्यांना दिसतात. माळावर जमिनीलगत घरटं करणारी टिटवी कुणाच्या फोटोत येत नाही.

म्हणजे झाडं लावायचीच नाहीत का? लावायची. ओढ्याकाठी करंज, अर्जुन. गावठाणात, रस्त्याकडेला कडुनिंब, वड. मुरमाड जागी हिवर, बोर, बाभूळ, खैर. आणि गवताळ माळावर चराई-बंदीचे पट्टे आलटून पालटून ठेवायचे, वणवा लागू द्यायचा नाही. तिथं एवढंच पुरे.

यंदा खड्डा खोदण्याआधी गावातल्या एखाद्या जुन्या मेंढपाळाला विचारा, या माळावर पूर्वी काय होतं. रोपांची यादी मागून घ्या. एकच नाव दिसलं तर बदलायला सांगा. आणि तीन वर्षांनी किती जगली, तेही मोजा. त्याची रील टाकलीत तर आम्ही नक्की बघू.