वस्तूंची कुळकथा : अंड्याच्या आकाराचे घर

जुन्या पितळी डब्यावर आजीचे नाव कोरलेले आढळले, की त्या डब्याचा सारा इतिहास आपल्यापुढे उभा राहतो. परंतु नावच पुसले गेले असेल तर? अशा वेळी वस्तूलाच बोलते करावे लागते. कॅनडा व अमेरिका येथील काही हौशी मंडळी हेच काम मोठ्या चिकाटीने करीत असतात. त्यांच्या शोधाचा विषय आहे मोटारीमागे जोडून न्यावयाचे फायबरग्लासचे लहानसे घर, म्हणजेच सहलीचा ट्रेलर.

या घराची घडण मोठी गमतीची आहे. काचेच्या बारीक तंतूंचे कापड साच्यात पसरावयाचे आणि त्यावर पातळ राळ चढवावयाची. राळ सुकली, की साच्यातून दगडासारखे कठीण, पण वजनाला हलके कवच निघते. अशी दोन कवचे, एक खालचे व एक वरचे, शिंपल्याप्रमाणे एकमेकांवर बसविली की घर तयार! लाकडी सांगाडा नाही, त्यामुळे पाणी मुरून तो कुजण्याचे भयही नाही.

कॅनडातील विनिपेग शहरी रे ओलेको नावाचे एक कल्पक गृहस्थ राहत असत. फायबरग्लासच्या मैलाटाक्यांचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. टाकी जर अशी हलकी व मजबूत होते, तर आपल्या कुटुंबासाठी सहलीचे घर का होणार नाही, असा विचार त्यांच्या मनात आला. त्यातून १९६८ साली ‘बोलर’ हा ट्रेलर जन्मास आला. त्याचा आकार गोल इंग्रजी टोपीसारखा, म्हणून हे नाव. लांबी अवघी १३ फूट, वजन सुमारे ३८५ किलो. लहान मोटारीलाही तो सहज ओढता येई. दिवसा जेथे जेवणाचे मेज, तेथेच रात्री बिछाना! असे सुमारे १०,००० ट्रेलर १९८८ पर्यंत तयार झाले.

एकाचे यश पाहून इतरही पुढे सरसावले. कोणी रीतसर परवाना घेतला, तर कोणी स्वतःचा साचा घडविला. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात बॅकस या गावी तयार होऊ लागलेला ‘स्कॅम्प’ हा बोलरचाच वंशज होय. पुष्कळ लहान कारखाने मात्र थोडी वर्षे चालून बंद पडले, आणि त्यांची कागदपत्रेही त्यांच्याबरोबरच नाहीशी झाली.

म्हणूनच एखाद्याच्या परसात वर्षानुवर्षे पडून राहिलेला बेनामी ट्रेलर हाती आला, की नव्या मालकापुढे कोडे उभे राहते. कूळ कळल्याखेरीज योग्य सुटे भाग मिळत नाहीत आणि नोंदणीतही अडचण येते. १९८१ पासून अमेरिकेत वाहनांना १७ अक्षरांकांचा ठराविक क्रमांक आला. तत्पूर्वी ज्याचा त्याचा क्रमांक निराळा. मग शोधकाला बारकाव्यांचा आधार घ्यावा लागतो. दोन कवचांचा सांधा कसा आहे? खिडकीच्या चौकटीवर कोणाचा शिक्का आहे? आसाच्या पट्टीवर काय लिहिले आहे? दिव्याच्या काचेवर काही खूण आहे काय? जुन्या वृत्तपत्रांतील जाहिराती चाळाव्या लागतात. सर्वांत मोलाची असते ती कारखान्यात राबलेल्या एखाद्या वृद्ध कारागिराची आठवण. पण ती फार काळ टिकणारी नव्हे.

ओलेको २००१ साली निवर्तले. २०१८ साली बोलरला ५० वर्षे झाली, तेव्हा विनिपेग येथे शेकडो ट्रेलर आपापल्या कुटुंबांसह जमले. तो सोहळा पाहण्यास मात्र त्यांचा जनक नव्हता.

वाचकहो, राजवाड्यांचा इतिहास लिहावयास पंडित असतात. घरगुती वस्तूंचा इतिहास मात्र घरच्या माणसांनीच जपावयाचा असतो. आपल्या घरातील जुने शिवणयंत्र किंवा घड्याळ कोणी, केव्हा व कोठून आणले, हे वडीलधाऱ्यांना आजच विचारावे आणि वहीत टिपून ठेवावे. विचारण्याजोगे माणूस घरात आहे, तोवरच हे काम सोपे आहे.